कल्याणच्या लोहाराची वाट



'मुलांना सुट्टीच्या दिवशी न्यावे कुठे?' हा प्रश्न या पानाकडे वरचेवर येतो. खिशाला परवडले पाहिजे, दिवसात परत आले पाहिजे आणि मुलांच्या डोक्यात चार चांगल्या गोष्टी पडल्या पाहिजेत, अशा तिन्ही अटी असतात. आम्ही दरवेळी एकच उत्तर देतो. बोरिवलीचे नॅशनल पार्क गाठा आणि कान्हेरीच्या लेण्यांवर जा. गाडीने नव्हे, पायी जा. पण दुसऱ्याला सांगणे सोपे असते. गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही स्वतः वस्तीतल्या चार कुटुंबांसह ही वाट चाललो, तेव्हा आमचेच चांगले डोळे उघडले. आमच्या हातून काय चुकले आणि आम्हाला काय मिळाले, ते दोन्ही आज सांगायचे आहे.

आम्ही एकूण १७ जण होतो. त्यात सहा मुले, महिला मंडळाच्या पाच भगिनी आणि बाकी पुरुषमंडळी. सर्वांत धाकटी मुलगी सात वर्षांची, तर सर्वांत थोरले आमचे काका अडुसष्ट वर्षांचे. काका म्हणजे सबंध वस्तीचेच काका. एका कारखान्याच्या लोहारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षे घण चालवला. आता गुडघे बोलतात, पण ते कबूल करायची त्यांची तयारी नाही. "काका, तुम्ही कान्हेरीपर्यंत गाडीनं या," असे आम्ही आदल्या रात्री सुचवून पाहिले. ते म्हणाले, "सगळे पायी जाणार आणि मी एकटा गाडीत बसून काय करू?" विषय तिथेच संपला.

पहाटेच्या गाडीने आम्ही कल्याण सोडले. दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची गाडी धरली आणि बोरिवली पूर्वेला उतरून उद्यानाच्या दारात पोचलो. तिकिटे काढली. ज्यांना जायचे असेल त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की सोमवारी उद्यान बंद असते, आणि लेण्यांचे तिकीट वर वेगळे काढावे लागते.

हे जंगल म्हणजे शहरातली एखादी बाग नव्हे. सुमारे १०३ चौरस किलोमीटरचा हा डोंगराळ मुलूख आहे. त्याच्या पोटात विहार आणि तुळशी असे दोन तलाव आहेत. विहार १८६० साली पुरा झाला आणि मुंबईला नळाचे पहिले पाणी त्यानेच पाजले. तुळशी १८७९ साली झाला. ज्या दहिसर नदीच्या काठाने आपण आत शिरतो, ती तुळशीकडूनच वाहत येते. डोंगरांची उंच टोके साडेचारशे मीटरच्या वर जातात. गडकिल्ले चढणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण समुद्राच्या पातळीवरून निघून, पाठीवर डबे-पाणी घेऊन, मुलाबाळांसह चढायचे म्हटले की हाच डोंगर घाम काढतो.

दारापासून कान्हेरी सुमारे सहा किलोमीटर आहे. सुरुवातीला सारे हसतखेळत चालले होते. वनराणीच्या रुळांपाशी मुलांनी उड्या मारल्या, गांधी टेकडी मागे पडली आणि मग माणसांची वर्दळ कमी होत गेली. साग पानगळीने उघडा पडला होता, वाळकी पाने पायाखाली कुरकुरत होती. काटेसावरीला मात्र एकही पान नसताना लालभडक फुले लागली होती. "पान नाही आणि फूल कसं?" धाकटीने विचारले. आत्याबाई म्हणाल्या, "कठीण दिवसातबी फुलायचं असतं बाई, झाडाला ठावं असतं." आमच्या आत्याबाई शाळेत फारशा गेल्या नाहीत, पण त्यांचे बोलणे असे असते.

या जंगलात बिबळे आहेत, हे मुलांना आम्ही आधीच सांगून ठेवले होते. ते त्यांना घाबरवायला नव्हे, तर नियम पाळायला लावण्यासाठी. रस्ता सोडून झाडीत शिरायचे नाही, लहान मुलाने एकटे मागे किंवा पुढे राहायचे नाही, दिवस कलायच्या आत बाहेर पडायचे. बिबळ्याला आपली भेट नको असते. त्याच्या वेळेला त्याची वाट मोकळी सोडली म्हणजे झाले. जंगलात वारली, महादेव कोळी, कोकणा अशा आदिवासी बांधवांचे पाडे आहेत. ते पिढ्यान् पिढ्या इथेच राहतात. आपण इथे पाहुणे आहोत, हे भान ठेवूनच चालावे.

आमची पहिली चूक इथवर कुणाच्या लक्षात आली नव्हती. १७ माणसांत पाण्याच्या बाटल्या होत्या बारा, त्याही एकेक लिटरच्या. 'थंडीचे दिवस आहेत, पाणी कशाला लागतंय' हा आमचाच हिशेब. पण मुंबईच्या फेब्रुवारीत थंडी सकाळी आठपर्यंतच असते. साडेनऊला ऊन चटके देऊ लागले. शेवटच्या चढाला लागलो तोवर निम्म्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. काका घाम पुसत सर्वांच्या मागे येत होते. दर वळणावर आम्ही थांबायचो, ते येऊन टेकायचे, आणि ते टेकले की पुढची मंडळी उठून निघायची. म्हणजे विसावा सगळ्यांना मिळायचा, फक्त ज्याला हवा त्यालाच मिळायचा नाही. ही आमची दुसरी चूक.

अकराच्या सुमारास कान्हेरीला पोचलो. काळ्या कातळात कोरलेली शंभराहून अधिक लेणी. शिलालेखांत या डोंगराचे नाव 'कण्हसेल' असे येते. कण्ह म्हणजे काळा, सेल म्हणजे शैल, डोंगर. कृष्णगिरी, कण्हगिरी करत करत कान्हेरी झाले. इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास इथे छिन्नी चालू झाली आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे या डोंगरावर भिक्खुसंघाचा वावर होता. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या काळात कोरले गेले. त्याच्या ओवरीत दोन्ही टोकांना उभ्या बुद्धमूर्ती आहेत, प्रत्येकी सुमारे सात मीटर उंच. त्या पाहून मुले एकदम गप्प झाली. आत स्तूपासमोर सर्वांनी वंदन केले, दोन मिनिटे शांत बसलो. त्या अंधाऱ्या गारव्यात चालून आल्याचे सारे श्रम उतरले.

पण खरी चढण तर पुढेच होती. बहुतेक मंडळी चैत्यगृह आणि दरबार लेणे पाहून मागे फिरतात. बाकीची लेणी ओढ्याच्या दोन्ही अंगांनी वर डोंगरभर पसरलेली आहेत. तिथे कातळातच कोरलेल्या पायऱ्यांनी जावे लागते. कुठे पायऱ्या झिजलेल्या, कुठे उंच, कुठे एका बाजूला नुसता उतार. आम्ही ठरवले, की अगदी वर नव्वदाव्या लेण्यापर्यंत जायचे. तिथे पहलवी लिपीतले लेख आहेत. १००९ आणि १०२१ साली इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. मुलांना ते दाखवायचे होते.

आणि इथे आम्ही तिसरी चूक केली. तीच सर्वांत मोठी. आम्ही काकांना म्हणालो, "काका, तुम्ही इथंच सावलीत बसा. सामान सांभाळा. आम्ही जाऊन येतो." आम्ही हे मायेनेच म्हटले, पण माया आणि सोय यांत अंतर असते. काका काही बोलले नाहीत. पिशव्यांच्या मधे बसले. ज्या माणसाने बत्तीस वर्षे लोखंड वाकवले, त्याला आम्ही पिशव्यांचा राखणदार केला होता.

पंधरा पायऱ्या चढलो नसू, तोच खालून ओरडा ऐकू आला. एका माकडाने चपात्यांचे गाठोडे पळवले होते. मागे वळून पाहतो तर काका काठी घेऊन धावायला बघताहेत आणि माकड लेण्याच्या कठड्यावर बसून आमच्या चपात्या मोजते आहे. पोरे हसू लागली. एक पोरगा ओरडलाही, "काका, राखण बरी केलीत!" काकांचा चेहरा उतरला. आम्ही खाली आलो. आत्याबाईंनी त्या पोराला असे काही बघितले की तो दिवसभर त्यांच्या समोर आला नाही.

काका तेव्हा भिंतीला हात टेकून उभे होते. दम घ्यायला म्हणून टेकलेला हात भिंतीवर फिरू लागला. कातळावर तिरप्या बारीक रेघा होत्या, शेजारी शेजारी, हजारो. काकांनी विचारले, "हे काय आहे ठाऊक आहे का रे पोरांनो?"

"डिझाईन," एक जण म्हणाला.

"डिझाईन नव्हे. छिन्नीचे घाव आहेत. ही रेघ एका ठोक्याची, ही दुसऱ्या." मग त्यांनी थोरल्याला रेघेवरून बोट फिरवायला लावले. "हा दगड आहे काळा, कडक. यावर छिन्नी मारली की थोड्या वेळात बोथट होते. मग ती भट्टीत लाल करायची, ऐरणीवर धरून टोक काढायचं आणि पाणी पाजायचं. लोखंडालाबी पाणी पाजावं लागतं. नीट पाजलं तर ते दगडाशी बोलतं, चुकलं तर मोडतं. एवढा डोंगर खोदला, म्हणजे किती छिन्न्या शेवटल्या असतील? रोज शेवटायच्या. पाथरवटाच्या मागं लोहार बसलेला असणारच. त्याच्याशिवाय लेणं होत नाही."

पोरे त्यांच्याभोवती गोळा झाली. मघाशी हसणारा पोरगाही मागून मान काढून ऐकत होता. आणि आम्हाला एकदम आठवले, ते आम्ही तिथेच सांगितले.

कान्हेरीचे बहुतेक लेख दानाचे आहेत. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याचे टाके, कोणी भिक्खूंच्या वस्त्रांसाठी रक्कम. देणाऱ्यांत व्यापारी आहेत, भिक्खुणी आहेत, उपासिका आहेत. नाशिक, सोपारा आणि कल्याण या गावांची नावे त्यांत पुन्हा पुन्हा येतात. कल्याण तेव्हा मोठे बंदर होते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नौकानयनाच्या पुस्तकातही त्याचे नाव आहे. तर या लेखांत एक लेख कल्याणच्या लोहाराचा आहे. त्याचे नाव नंद. त्याच्या धंद्याला लेखात 'कमार' म्हटले आहे. त्याने काय दान दिले? त्याने या डोंगरावर वाट दिली.

राजाने नव्हे, सावकाराने नव्हे, लोहाराने. मूर्ती नाही, खांब नाही, लोकांना चालायला वाट. आणि त्या गोष्टीला आज अठराशे वर्षांच्या आसपास झाली असतील.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कल्याणचा? म्हणजे आपल्या गावचाच की." आणि काठी उचलून पायऱ्यांकडे निघाले. या खेपेस त्यांना कोणी अडवले नाही. आम्ही फक्त चालण्याची पद्धत बदलली. काका पुढे आणि बाकी सगळे मागे. ते थांबले की सगळे थांबायचे, ते निघाले की सगळे निघायचे. ही साधी गोष्ट आम्हाला सकाळी सुचायला हवी होती.

वर चढताना लेण्यालेण्यापाशी पाण्याची टाकी दिसतात. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. डोंगरावर पडलेला पाऊस कातळात कोरलेल्या पन्हाळींतून पोढीत उतरवायचा आणि उन्हाळ्यात पुरवून वापरायचा, अशी ही व्यवस्था. मुले पन्हाळीत बोट घालून पाणी कुठून कुठे जाते ते शोधू लागली. कल्याणच्याच एका सोनाराने इथे पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे. पाण्याच्या दानाची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांना हजारो माणसे बरोबर घेऊन जावे लागले होते. त्याच्या किती शतके आधी या डोंगरावर कोणी सोनार चालून येणाऱ्यांसाठी पाणी ठेवून जातो, हे मुलांना सांगताना आमचाच आवाज जड झाला.

पण आमच्या बाटल्या आता रिकाम्या होत्या. साडेबारा वाजले होते. डोळ्यांसमोर पोढीत हिरवट पाणी होते आणि ते पिता येत नव्हते. त्या पाण्याची आता कोणी निगा राखत नाही, ते पिऊन मुले आजारी पडली असती. धाकटीचे डोके दुखू लागले. तिचे ओठ कोरडे पडले होते, ती बोलेनाशी झाली होती. काकांचा उजवा गुडघा पायरीवर अडकल्यासारखा झाला. नव्वदावे लेणे अजून वर होते. तरुण मंडळी म्हणाली, "आम्ही पटकन जाऊन येतो." मन आमचेही होत होते. एवढे आलो आणि थोडक्यासाठी परत जायचे?

काका एका ओवरीच्या सावलीत बसले होते. ते म्हणाले, "भट्टीतलं लोखंड कधी बाहेर काढायचं हे ज्याला कळत नाही, तो लोहार नव्हे. आता काढा. खाली चला."

आम्ही सगळे खाली आलो. कोणी पुढे गेले नाही, कोणी मागे राहिले नाही. उतरणे चढण्यापेक्षा अवघड असते, हे ज्याचे गुडघे दुखतात त्यालाच ठाऊक. काका प्रत्येक पायरीवर काठी आधी खाली टेकायचे, मग दुखरा पाय, मग बरा पाय. दोन्ही बाजूंना एकेक जण होता. त्यातला एक म्हणजे सकाळी हसलेला पोरगा. त्याला कोणी सांगितले नव्हते.

खाली पाड्यावरच्या एक मावशी काकड्या आणि पेरू घेऊन बसल्या होत्या. त्यांनी धाकटीकडे पाहिले आणि किंमत सांगायच्या आधीच काकडी चिरून, मीठ लावून तिच्या हातात दिली. शेजारच्या हंड्यातले पाणी पाजले. आम्ही सगळ्या काकड्या घेतल्या, पैसे दिले. पाण्याचे पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत. कान्हेरीतले एक दान आम्हाला असेही बघायला मिळाले. अर्ध्या तासात धाकटी बोलू लागली, आणि बोलू लागल्यावर थांबेना. परतीला काका, ती आणि आत्याबाई गाडीने दारापर्यंत गेल्या. या खेपेस काकांनी हट्ट केला नाही. त्यांचा चालण्याचा वाटा चालून झाला होता.

वाचकहो, तुम्ही जाल तर आमच्या चुका करू नका, म्हणून थोडक्यात सांगतो.

माणशी दोन लिटर पाणी न्या, मुलांचेही वेगळे मोजा. मीठ-साखरेची पुडी जवळ असू द्या. पायात चपला नकोत, पट्टा असलेले बूट किंवा सँडल घाला. पावसाळ्यात कातळ शेवाळाने निसरडा होतो, ओढा अचानक भरतो. त्या दिवसांत वरच्या पायऱ्यांचा मोह टाळा. पहिली जायची वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीची, आणि तीही भल्या सकाळी. खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, पाठीवर बंद ठेवा. परत फिरायची वेळ घरूनच ठरवा. ती झाली की जिथे असाल तिथून वळा. लेण्यांच्या पलीकडच्या रानवाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि वाटाड्याशिवाय जाऊ नका. लेण्यांच्या भिंतीवर नाव कोरू नका. आपल्या पूर्वसुरींनी दान देऊन नाव कोरले, आपण कचरा करून कोरू नये. आणि तुमच्यातला जो सर्वांत हळू चालतो, त्याला पुढे ठेवा.

या शेवटच्या गोष्टीवर आमचा जास्त भर आहे. डोंगर चढणे हा पैसेवाल्यांचा छंद आहे, असे आपल्या वस्तीत पुष्कळांना वाटते. दिवसभर राबून आल्यावर पुन्हा पाय कशाला दुखवायचे, असेही म्हणतात. पण त्या वाटा राबणाऱ्यांनीच तर केल्या आहेत. लोहाराने दिलेल्या वाटेवर लोहाराचे लेकरू परके कसे ठरेल?

काका आता रोज संध्याकाळी वस्तीला दोन फेऱ्या मारतात. गुडघ्याला तेल लावतात. पोरांनी विचारले की सांगतात, "पुढच्या वर्षी नव्वदाव्या लेण्यापर्यंत जायचं आहे. आमच्या गाववाल्याची वाट अर्धीच पाहिली आहे मी."

पोरे त्यांच्याबरोबर चालतात. काका पुढे, पोरे मागे.

जयभीम.